सान्तो तोमे, तोलेदो: चित्र पाहून आपण परततो, चर्च पाहायचे राहून जाते

माळरान

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे माद्रिदहून एका दिवसासाठी तोलेदोला गेलो होतो. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेले ते टेकडीवरचे शहर मनात भरले, पण एक गोष्ट अजून खटकते आहे आणि ती इथल्या जाणकारांपुढे मांडावी असे वाटले. सहलीच्या मार्गदर्शकाने सान्तो तोमे या जुन्या चर्चसाठी पंधरा मिनिटे दिली होती. रांगेत उभे राहून, तिकीट दाखवून आम्ही एका बेताच्या दालनात शिरलो. समोर सोळाव्या शतकातला चित्रकार एल ग्रेको याचे ‘ओर्गासच्या सरदाराचे दफन’ हे प्रचंड चित्र होते. चाळीस-पन्नास माणसे त्याच्यासमोर दाटीने उभी होती. आम्ही ते माना उंचावून पाहिले आणि बाहेर पडलो. संध्याकाळच्या गाडीत पत्नीने विचारले, “चर्च आतून कसे होते?” तेव्हा माझ्या लक्षात आले की मला त्याचे उत्तर देता येत नाही. वेदी कुठे होती, छत कसे होते, तिथे कोणी प्रार्थना करत होते का, यांपैकी मी काहीच पाहिले नव्हते.

चित्राला वेगळे दालन, वेगळे दार आणि वेगळे तिकीट अशी व्यवस्था असेल, तर त्या चित्राचा आणि चर्चचा संबंध उरला कुठे? ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात नेऊन ठेवले, तर चित्र सावकाश पाहता येईल आणि चर्चलाही पुन्हा चर्च म्हणून श्वास घेता येईल, असे माझे मत झाले आहे. संरक्षित वास्तू म्हणजे नेमके काय संरक्षित करायचे असते? तिथे जाऊन आलेल्यांनी आणि या विषयात काम करणाऱ्यांनी कृपया लिहावे.

नीलपक्षी

माळरान, प्रश्न योग्य आहे, पण उपाय मला मुळीच मान्य नाही. ते चित्र त्या जागेवरून हलवले तर त्याचा खालचा अर्धा भाग अधांतरी राहील. त्या चित्रात जमीन रंगवलेलीच नाही, हे तुम्ही पाहिले असेल. संत स्टीफन आणि संत ऑगस्टिन हे दोघे चिलखतातला मृतदेह वाकून खाली उतरवत आहेत, पण कुठे उतरवत आहेत ते चित्रात नाही. कारण ती कबर चित्राखाली, त्या चॅपेलमध्ये (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनात) खरोखरची आहे. रंगवलेले दृश्य जिथे संपते तिथून दगड सुरू होतो. प्रादोच्या भिंतीवर त्या दोन संतांच्या हातांखाली फक्त संग्रहालयाची फरशी असेल.

खडूफळा

मी शाळेत इतिहास शिकवत असे आणि सेवानिवृत्तीनंतर एक पूर्ण आठवडा तोलेदोत राहिलो. नीलपक्षी यांच्या मुद्द्याला जोडून त्या चित्रामागचा खटला सांगतो, कारण तो कळल्याखेरीज ते चित्र सान्तो तोमेमध्ये का आहे हे नीट समजत नाही.

गोन्सालो रुइस दे तोलेदो हा ओर्गास गावाचा धनी. आपण त्याला ‘काउंट’ म्हणतो, पण ती पदवी त्या घराण्याला पुष्कळ नंतर, सोळाव्या शतकात मिळाली. तो 1323 मध्ये वारला. या चर्चच्या दुरुस्तीसाठी आणि विस्तारासाठी त्याने खर्च केला होता, आणि मृत्यूनंतरही चर्चचे चालावे म्हणून त्याने एक कायमचा हक्क लावून दिला. ओर्गासच्या रहिवाशांनी दरवर्षी दोन मेंढे, सोळा कोंबड्या, दोन बुधले द्राक्षमद्य, दोन ओझी जळण आणि 800 माराबेदी (तेव्हाचे स्पॅनिश नाणे) एवढे या चर्चचे धर्मगुरू, सेवेकरी आणि गोरगरीब यांच्यासाठी द्यायचे, असा तो हक्क होता. आपल्याकडच्या देवस्थानांच्या जुन्या सनदांत तेलाचे आणि धान्याचे असे हक्क वाचलेल्यांना हा तपशील ओळखीचा वाटेल.

गावकऱ्यांनी दोन शतकांहून अधिक काळ ते दिले आणि सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात देणे थांबवले. तेव्हाचे धर्मगुरू आन्द्रेस नुन्येस दे माद्रिद यांनी वायादोलिदच्या राजन्यायालयात दावा लावला आणि 1569 मध्ये तो जिंकला. मिळालेला विजय पुन्हा विस्मरणात जाऊ नये, म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मानवतावादी विद्वान आल्बार गोमेस दे कास्त्रो यांच्याकडून लॅटिन लेख लिहवून घेतला आणि तो कबरीच्या जागी बसवला. दुसरी म्हणजे आपल्याच धर्मग्रामात (या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) राहणाऱ्या एका चित्रकाराशी 18 मार्च 1586 रोजी करार केला. तो चित्रकार क्रीट बेटावरून आलेला एल ग्रेको. करारात काय रंगवायचे ते लिहिलेले होते: दफनविधीला आलेले धर्मगुरू, मृतदेह उतरवणारे दोन संत, भोवती पाहणारी माणसे आणि वर उघडलेला स्वर्ग. काम त्याच वर्षीच्या नाताळापर्यंत पुरे व्हायचे होते, ते 1588 मध्ये पुरे झाले.

दोन संतच का, तेही सांगतो. गोन्सालोने ऑगस्टिनच्या पंथातील साधूंना शहरात चांगली जागा मिळवून दिली होती आणि त्यांचा मठ संत स्टीफनच्या नावाचा होता. त्यामुळे अशी आख्यायिका रूढ झाली की त्याच्या दफनाच्या वेळी हे दोघे स्वतः स्वर्गातून उतरले आणि त्यांनी त्याला आपल्या हातांनी कबरीत ठेवले.

आता सांगा, हे चित्र प्रादोत नेले तर ते कोणाचे होईल? ते एका धर्मग्रामाने आपल्या हक्काची आठवण म्हणून स्वतःच्या भिंतीवर लिहून ठेवलेले आहे.

माळरान

खडूफळा सर, हे काहीही मला ठाऊक नव्हते. आमच्या मार्गदर्शकाने एल ग्रेकोच्या लांबुळक्या आकृत्यांविषयी सांगितले आणि गर्दीतला समोर पाहणारा एक चेहरा स्वतः चित्रकाराचा असल्याचे सांगितले. खटल्याचे नावही निघाले नाही. तरीही माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे: चित्र तिथेच असावे हे मान्य केले, तरी चर्च पाहायचे राहून जाते, त्याचे काय?

पाटणवाडा

तो छोटा मुलगा कोण, ते सांगितले होते का? डावीकडे मशाल धरून मृतदेहाकडे बोट दाखवणारा मुलगा हा चित्रकाराचा मुलगा होर्खे मानुएल आहे आणि त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर ग्रीक अक्षरांत सही आणि 1578 हे त्याच्या जन्माचे वर्ष आहे. मला त्या चित्रात सगळ्यांत जास्त तो मुलगा आवडतो.

दगडविटा

मी जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करते. तोलेदोला माझे दोनदा जाणे झाले, दोन्ही वेळा विटांसाठी. म्हणून माळरान यांनी विचारलेल्या “चर्च पाहायचे राहते” या भागाविषयी लिहिते.

सान्तो तोमेचे दर्शन दाराबाहेरून, गल्लीत मागे सरकून आणि मान वर करून सुरू होते. मनोरा पाहा. तो चौदाव्या शतकाच्या आरंभी, याच गोन्सालोच्या खर्चाने झालेल्या पुनर्बांधणीतला आहे आणि तोलेदोतल्या मुदेहार बांधणीचा अत्यंत देखणा नमुना आहे. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राज्यात राहिलेल्या मुस्लिम कारागिरांची आणि त्यांच्या परंपरेत शिकलेल्या इतरांची शैली. 25 मे 1085 रोजी ख्रिस्ती राजा आल्फोन्सो सहावा याने मुस्लिम राजवटीकडून तोलेदो घेतले, परंतु राजा बदलला म्हणून गवंडी बदलत नाही. वीट तीच राहिली, भट्टी तीच राहिली आणि कमान बांधण्याचा हातही तोच राहिला. खालच्या भागात अनगड दगडांचे थर आणि त्यांना सरळ ठेवणाऱ्या विटांच्या आडव्या पट्ट्या दिसतील. ही या शहराची खास बांधणी आहे. अनगड दगड स्वस्त असतो पण तो सपाट बसत नाही, म्हणून ठराविक उंचीवर विटांचे थर घेऊन भिंत पुन्हा समतल करायची, असा त्यामागचा साधा हिशेब आहे. वर जाल तशी वीट वाढते, आंधळ्या (आरपार नसलेल्या) कमानींची रांग येते, मग घंटांसाठी घोड्याच्या नालेसारख्या कमानी येतात. मनोऱ्याच्या अंगात व्हिसिगॉथ काळातला (मुस्लिम राजवटीच्याही आधीचा) एक कोरीव दगडही बसवलेला आहे, म्हणजे त्या बांधणाऱ्यांच्याही आधीची काही शतके तिथे आहेत.

मनोरा पाहायला तिकीट लागत नाही आणि रांगही लागत नाही. तरीही रांगेत उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी वर पाहणारी दोन-तीन असतात, हे मी तिथे अर्धा तास थांबून पाहिले आहे आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटले.

आता “नेमके काय संरक्षित करायचे” या प्रश्नाकडे वळते. स्पेनचा ऐतिहासिक वारशाचा कायदा 1985 चा आहे. त्यातली तीन तत्त्वे इथे लागू पडतात. संरक्षित स्थावर वास्तू तिच्या परिसरापासून तोडता येत नाही. संरक्षित इमारतीतल्या हलवता येण्याजोग्या वस्तू तिच्या इतिहासाचा आवश्यक भाग असतील तर त्यांनाही तेच संरक्षण देता येते. आणि दुरुस्ती करताना सर्व काळांनी घातलेली भर जपायची असते, एखादी भर काढून टाकणे हा केवळ अपवाद असतो. या तिन्हींचा एकत्र विचार केला तर मनोरा चौदाव्या शतकाचा, चित्र सोळाव्या शतकाचे आणि खाली कबर त्याहून जुनी, हे सगळे मिळून एकच वास्तू ठरते. चित्र ‘मूळचे नाही’ म्हणून चर्चमधून बाजूला काढता येणार नाही आणि चर्च ‘फक्त निमित्त’ म्हणून चित्रामागे लपवताही येणार नाही.

रोखठोक

मला माळरान यांची पहिली भूमिका अजूनही पटते आणि इथे सगळे एका बाजूला झुकत आहेत म्हणून दुसरी बाजू नीट मांडतो. चित्राची उंची 4.80 मीटर आणि रुंदी 3.60 मीटर आहे. एवढे मोठे चित्र त्या दालनात जितक्या दुरून पाहायला हवे तितके मागे सरकताच येत नाही. दर काही मिनिटांनी नवा जमाव आत येतो, त्यांच्या श्वासाची वाफ, कपड्यांवरची धूळ आणि पावसाळी दिवशी ओल्या छत्र्यांचा दमटपणा या सगळ्याचा परिणाम कॅनव्हासवर होतो. संग्रहालयात हवा, उजेड आणि गर्दी यांवर अखंड लक्ष ठेवता येते. जागेचे महत्त्व मलाही कळते, पण तीनशे वर्षांनंतर चित्रच राहिले नाही तर जागा घेऊन काय करायचे?

शिवाय देवाच्या घरात शिरायला पैसे द्यावे लागतात, हे मला मनापासून बोचले. आमच्याबरोबर एक वृद्ध बाई होत्या, त्यांना प्रार्थना करायची होती आणि त्या तिकिटाच्या खिडकीशीच अडल्या.

दगडविटा

रोखठोक, दमटपणाचा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो बाजूला सारणार नाही. पण एकावेळी किती माणसे आत सोडायची, हवा कशी खेळवायची, उजेड किती ठेवायचा, हे सगळे मूळ जागेवरही करता येते. किंबहुना वेगळे दालन आणि वेगळे दार ज्याला माळरान यांनी दोष दिला, त्याच व्यवस्थेमुळे गर्दीवर ताबा ठेवता येतो आणि पलीकडे मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना पाहुण्यांची वर्दळ तिला त्रास देत नाही. त्या व्यवस्थेची किंमत आहे, ती माळरान यांनी बरोबर ओळखली. पण हलवण्याची किंमत त्याहून फार मोठी आहे.

पैशांविषयी: त्याच कायद्यात संरक्षित वास्तूच्या मालकाने महिन्यातून किमान चार दिवस, आधी जाहीर केलेल्या वेळी, विनामूल्य दर्शन द्यावे असे बंधन आहे, अर्थात प्रशासनाला त्यातून सूट देता येते. म्हणजे कायद्यानेही सार्वजनिक हक्क आणि मालकाचा खर्च यांत काही तोल साधण्याचा प्रयत्न केला आहे. त्या वृद्ध बाईंना मात्र कोणीतरी चर्चचे दुसरे दार दाखवायला हवे होते. प्रार्थनेसाठी तिकीट लागत नाही. ते तिकीट चित्राच्या दालनाचे आहे.

पाचूबंदर

मी वसईचा. आमच्या घरातल्या कित्येक पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने एकाच जुन्या चर्चमध्ये झाली, त्यामुळे या चर्चेत मला थोडे वेगळे बोलायचे आहे.

आपण इथे चित्राला वास्तूचा भाग म्हणतो, मनोऱ्याला वास्तूचा भाग म्हणतो, पण तिथे अजून मिस्सेला येणारी माणसेही त्या वास्तूचा भाग आहेत. मी सान्तो तोमेला सकाळी गेलो होतो. आधी चित्राकडे न जाता चर्चच्या दाराने आत गेलो. आत जेमतेम दहा-बारा माणसे होती, बहुतेक वयस्कर, आणि एक बाई पुढच्या बाकावर हातातली माळ सरकवत होती. माझे स्पॅनिश मोडके आहे, पण मिस्सेचा क्रम मला लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे कुठे उठायचे आणि कुठे गुडघे टेकायचे ते कोणाला विचारावे लागले नाही. शांतिदानाच्या वेळी शेजारच्या आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

त्यानंतर बाहेर येऊन तिकीट काढले आणि चित्रासमोर उभा राहिलो, तेव्हा मला ते अगदी वेगळे दिसले. उजवीकडे जरीच्या अंगरख्यात पुस्तक वाचणारे धर्मगुरू म्हणजे स्वतः आन्द्रेस नुन्येस असे मानले जाते. त्यांनी आपल्याच चर्चच्या भिंतीवर आपण करत असलेला विधी रंगवून घेतला. मागे काळ्या पोशाखात उभे असलेले तोलेदोचे मान्यवर चौदाव्या शतकातले नाहीत, ते एल ग्रेकोच्या काळचे आहेत, म्हणजे दर रविवारी याच शहरात एकमेकांना भेटणारी माणसे. आमच्याकडे घरातले कोणी गेले की गावातली माणसे अशीच रांगेत, गंभीर चेहऱ्याने उभी राहतात. ते चेहरे मला परके वाटले नाहीत.

म्हणून रोखठोक यांना माझे नम्र सांगणे असे आहे की चित्र काढून नेल्याने चर्चला श्वास घेता येणार नाही. त्या धर्मग्रामाच्या मृतांची आठवणच त्याच्यापासून काढून घेतल्यासारखे होईल.

मिशिगनकाठ

रोखठोक यांच्या मुद्द्याला उत्तर म्हणून माझ्या गावातले उदाहरण देते. मी शिकागोत राहते. इथल्या कलासंग्रहालयात एल ग्रेकोचे ‘मेरीचे स्वर्गारोहण’ आहे. ते चित्र त्याने तोलेदोत आल्याबरोबर, 1577 ते 1579 या काळात, सान्तो दोमिंगो एल आन्तिगुओ या मठाच्या मुख्य वेदीसाठी केले होते. त्याच वेदीवरचे ‘त्रैक्य’ आता प्रादोत आहे. मी शिकागोतले चित्र इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातल्या प्रत्येक देवदूताच्या वस्त्राची घडी मला आठवते. हवा नियंत्रित आहे, उजेड उत्तम आहे, समोर बाक आहे, सगळे रोखठोक म्हणतात तसेच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी तोलेदोच्या त्या मठात गेले. वेदीची चौकट अजून तिथे आहे आणि तिच्यात नकला बसवलेल्या आहेत. आयुष्यभर मूळ चित्र पाहिलेली मी त्या नकलेसमोर उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळले की वरचे ‘त्रैक्य’ आणि खालचे ‘स्वर्गारोहण’ हे एकमेकांशी बोलत होते: खाली मेरी वर चढत आहे आणि तिच्या माथ्यावर पिता आपल्या मृत पुत्राला घेऊन बसला आहे. आज त्या दोघांमध्ये अटलांटिक महासागर आहे. एल ग्रेकोचे दफनही त्याच मठात झाले होते, हे कळल्यावर तर मला तिथून निघवेना.

तोलेदोतल्याच सान होसे चॅपेलचीही तीच कथा. तिथला ‘संत मार्टिन आणि भिकारी’ आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. सान्तो तोमेचे चित्र या सगळ्यातून वाचले आणि जिथे हवे तिथे राहिले, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

नीलपक्षी

मिशिगनकाठताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आले.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो आहे. या विषयाशी आमचे दोन धागे जुळतात, ते नोंदवतो.

एक म्हणजे, चित्रात वर स्वर्गातल्या गर्दीत जो दाढीवाला पुरुष आहे तो राजा फिलिप दुसरा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. चित्र पूर्ण झाले तेव्हा तो जिवंत होता. तोच फिलिप 1581 पासून पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे तेव्हा गोवा त्याच्याच सत्तेखाली होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले तेही त्याच्याच काळात. आणि तोलेदोचे जुने शहर आणि गोव्यातली चर्चे व कॉन्व्हेंट ही दोन्ही युनेस्कोच्या यादीत एकाच वर्षी, 1986 मध्ये आली.

दुसरा धागा दगडविटा यांनी सांगितलेल्या तत्त्वाशी जुळतो. बॉम जेझूला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो उतरवला गेला, कारण जुनी वास्तू ‘जुनी’ दिसावी, तिचा तांबडा दगड उघडा दिसावा असा तेव्हाचा विचार होता. आज पर्यटकांना तो तांबडा दर्शनी भाग म्हणजेच बॉम जेझू वाटतो. पण जांभा दगड सच्छिद्र असतो. आमच्या पावसाळ्याचे चार महिने पाणी त्याच्यात मुरते आणि तो झिजत जातो. गिलावा ही सजावट नव्हती, ती त्या भिंतीची त्वचा होती. एका काळाची भर ‘मूळची नाही’ म्हणून काढली की काय होते, हे आम्ही रोज पाहतो. स्पेनच्या कायद्यातले ते कलम इथे आधीपासून असते तर किती बरे झाले असते, असे माझ्या मनात आले.

दगडविटा

मांडवीकाठ, अगदी हेच. विटेच्या बाबतीतही जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवण्याचा मोह सगळीकडे होतो. चुना ओलावा आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट तो अडकवून ठेवते, मग भिंत आतल्या आत कुजते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांसारखा सुटतो. मुदेहार मनोरे इतकी शतके टिकले त्याचे मोठे श्रेय त्या मऊ, श्वास घेणाऱ्या चुन्याला आहे.

पाटणवाडा

थोडे विषयाला धरूनच सांगतो, जाणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. सान्तो तोमेजवळचे ‘एल ग्रेकोचे घर’ म्हणून जे संग्रहालय दाखवतात ते त्याचे खरे घर नाही. मार्क्विस दे ला वेगा-इन्क्लान यांनी त्याच परिसरातली एक जुनी वास्तू विकत घेऊन एल ग्रेकोच्या काळासारखी सजवली. एल ग्रेको भाड्याने राहत होता ती मार्क्विस दे व्हिल्येना यांची घरे आता उरलेली नाहीत. संग्रहालय जरूर पाहावे, पण त्याची खरी खोली शोधायला जाऊ नये. त्याच्या पायाखालची म्हणता येईल अशी जागा हवी असेल तर ती सान्तो तोमेच आहे, कारण तो याच धर्मग्रामातला होता.

सागरगोटा

एक छोटी भर. सान्तो तोमे म्हणजे संत थॉमस, जो भारतात आला असे परंपरा सांगते. चेन्नईतल्या मैलापूरचे सान थोमे चर्च त्याच्याच नावाचे आहे. भारतीय माणसाने तोलेदोतल्या त्या दारावरचे नाव वाचताना हे आठवणीत ठेवावे.

रोखठोक

मिशिगनकाठ आणि पाचूबंदर यांचे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले. माझे मत मी बदलतो, एका अटीवर: आत सोडण्याची संख्या आणखी कमी व्हावी आणि प्रत्येकाला जास्त वेळ मिळावा. त्या दालनात छायाचित्रे काढू देत नाहीत हे मला तेव्हा जाचक वाटले होते. आता वाटते की तेवढ्या एका नियमामुळे तरी माणसे चित्राकडे पाहत होती.

पैशांच्या बाबतीत मात्र एक विचारायचे आहे. खडूफळा सर, एल ग्रेकोला त्याचे पैसे तरी मिळाले का?

खडूफळा

मिळाले, पण वादानंतर. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे काम झाल्यावर त्याचे मूल्य ठरवायला तज्ज्ञ नेमत. पहिल्या तज्ज्ञांनी 1,200 दुकाद (तेव्हाचे चलन) सांगितले, ते धर्मग्रामाला जास्त वाटले. दुसऱ्यांदा तज्ज्ञ बसले, त्यांनी 1,600 सांगितले. प्रकरण आर्चबिशपच्या परिषदेपुढे गेले आणि शेवटी चित्रकाराने 1,200 वर समाधान मानले. ज्या धर्मगुरूंनी कोंबड्या आणि जळणासाठी उच्च न्यायालय गाठले, ते चित्राच्या हिशेबातही काटेकोर होते. मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. तो पैसा त्यांचा स्वतःचा नव्हता, तो धर्मग्रामाचा होता आणि त्यातून गरिबांचा वाटा जायचा होता.

आणि माळरान, तुमच्या पंधरा मिनिटांविषयी एक गोष्ट राहिली होती. आल्बार गोमेसने लिहिलेला तो लॅटिन लेख चित्राखाली आहे. त्याची सुरुवात अशी: “वाटसरू, तू घाईत असलास तरी क्षणभर थांब, आणि आमच्या शहराची जुनी कथा थोडक्यात ऐक.” त्यापुढे गोन्सालोचे दान, संतांचे येणे, ओर्गासकरांचा नकार आणि खटल्याचा निकाल हे सगळे दगडावर लिहिलेले आहे. सोळाव्या शतकातल्या त्या माणसाला ठाऊक होते की इथे येणारा घाईत असणार.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. मी त्या लेखासमोर उभा होतो आणि त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही, हे वाचून फार चुटपुट लागली. चित्र हलवावे हे माझे म्हणणे मी मागे घेतो. आम्ही पुढच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाणार आहोत आणि या वेळी तोलेदोत दोन रात्री मुक्काम करणार आहोत. कोणत्या क्रमाने पाहावे, एवढे सांगाल का? पत्नीची इच्छा आधी चर्चमध्ये बसण्याची आहे.

पाचूबंदर

वहिनींचे बरोबर आहे. आदल्या संध्याकाळी चर्चच्या दारावर लावलेल्या मिस्सेच्या वेळा पाहून ठेवा आणि सकाळी त्या वेळेला जा. ख्रिस्ती नसलात तरी मागच्या बाकावर शांतपणे बसायला कोणी हरकत घेत नाही, फक्त मध्येच उठून फिरू नका. मिस्सा संपल्यावर गल्लीत येऊन मनोरा पाहा. तोवर माद्रिदहून येणाऱ्या गाड्यांची गर्दी पोहोचलेली नसते, म्हणून चित्राचे दालन उघडताच पहिल्या काही माणसांत आत जा.

दगडविटा

आणि आत गेल्यावर आधी खाली पाहा, मग त्या दोन संतांचे हात, मग वर. जाण्यापूर्वी दुर्बीण बरोबर घ्या. मनोऱ्याच्या वरच्या कमानींतली वीट नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही.

माळरान

दुर्बीण पिशवीत काढून ठेवली आहे. खडूफळा सर, तो पूर्ण लेख मराठीत करून इथे टाकाल का? तिथे उभे राहून पत्नीला वाचून दाखवीन.

खडूफळा

लॅटिनसाठी मला मदत लागेल, पण रविवारपर्यंत नक्की टाकतो.